सोराफेनिब, रोज दोन गोळ्या: नागपूरच्या उन्हात चौदा महिने

लोक कूलरचे, कुकरचे, सावजीच्या हॉटेलांचे रिव्ह्यू लिहितात, मी एका गोळीचा लिहून राहिली आहे. कारण मला जेव्हा ही गोळी लिहून दिली तेव्हा मी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर मराठीत शोधत बसले होते की बाप्पा कोणी खाल्लीय का ही, खाल्ली तर पुढे काय झालं, अन् कामाची एक ओळ सापडली नाही. जे सापडलं ते सगळं लिव्हर कॅन्सरचं. गोळी तीच पण आजार वेगळा, डोस वेगळा, अन् वाचून छातीत धडधड सुरू झाली ती फुकटची.

गोळीचं नाव सोराफेनिब, २०० मिलिग्रॅम. माझा आजार डेस्मॉइड ट्यूमर, म्हणजे मासात होणारी एक विरळ गाठ. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे खाली आकडे जरा जास्त येतील, सवय आहे, सांभाळून घ्या. अन् हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नका म्हणजे झालं.

धाकट्याच्या सिझेरियनला दोन वर्षं होऊन गेली होती. आंघोळ करताना टाक्यांच्या जरा वर, उजवीकडे हाताला काहीतरी लागलं, कच्च्या कैरीसारखं टणक, दुखत बिखत काही नव्हतं. सोनोग्राफीवाल्यांनी आधी टाक्याची गाठ म्हटलं, मग हर्निया असेल म्हटलं, मग टाक्यातलं एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढणं) म्हटलं. एमआरआय झाला, ४.८ सेंटीमीटर. मग एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही, मोठं आहे, पार्किंग मिळत नाही एवढं सांगते) सर्जन साहेबांनी फिल्म लाइटसमोर धरली अन् म्हणाले, मंगळवारी काढून टाकू, जाळी बसवू, विषय संपला. बायोप्सीची काय घाई, काढल्यावर पाठवूच की तपासायला, असंही म्हणाले. आम्ही तर ॲडव्हान्स भरायलाच निघालो होतो. माझ्या नणंदेचे मिस्टर फार्मा लाइनला आहेत, ते फोनवर एवढंच म्हणाले, "वहिनी, आधी सुईने तुकडा काढून तपासा, मग कापाकापी." त्या एका फोनचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

बायोप्सीत शब्द आला फायब्रोमॅटोसिस, म्हणजे डेस्मॉइडचंच दुसरं नाव. काढलेल्या तुकड्याची स्लाइड अन् ब्लॉक घेऊन नवरा मुंबईला टाटा मेमोरियलला जाऊन आला, विदर्भ एक्सप्रेसने रात्री गेला, तिथेही तेच उत्तर मिळालं, वर बीटा कॅटेनिन पॉझिटिव्ह अशी एक ओळ. नंतर कळलं की सगळी मेख त्या ओळीत आहे. हा बीटा कॅटेनिन नावाचा प्रोटीन पेशीत काम झालं की मोडीत निघायला पाहिजे, पण त्याच्या जीनमध्ये बिघाड झाला की तो मोडतच नाही, साठत जातो अन् पेशीला वाढ वाढ म्हणत राहतो. बहुतेक डेस्मॉइडमध्ये हाच बिघाड असतो अन् तो त्या गाठीपुरता असतो, आईबापाकडून आलेला नसतो. थोड्या लोकांमध्ये मात्र डेस्मॉइड आतड्याच्या खानदानी पॉलिपच्या आजारातून येतो, त्यांना कोलोनोस्कोपी करावी लागते. माझा बिघाड गाठीपुरताच निघाला, कोलोनोस्कोपी वाचली.

आता सगळ्यात वैतागवाणा प्रश्न, जो मला आजपर्यंत दोनशे वेळा तरी विचारला असेल: "म्हणजे कॅन्सर आहे का नाही?" उत्तर असं की शरीरात दुसरीकडे पसरत नाही, म्हणून कॅन्सर नाही. पण आहे तिथे मुळं रोवून आजूबाजूच्या मासात घुसत जातो, म्हणून साधी गाठपण नाही. सासूबाईंनी ऐकलं अन् म्हणाल्या, "काहून बाई, मग हे आहे तरी काय, ना धड घरचं ना घाटचं." याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून कोणत्याच डॉक्टरने दिली नाही. मेडिक्लेमवाल्यांना मात्र ही व्याख्या फार आवडली. कागदावर कोड डी ४८, म्हणजे पुढे कसा वागेल ते नक्की नाही असा ट्यूमर, म्हणून आमच्या पॉलिसीतला कॅन्सरचा फायदा नाही. अन् डॉक्टर कॅन्सरचे, गोळी कॅन्सरची, म्हणून नेहमीच्या ओपीडीतही बसत नाही. चार महिने ईमेलवर ईमेल करून शेवटी एमआरआयचे अर्धे पैसे दिले. अर्धे.

हा आजार वर्षाला दहा लाख लोकांत दोन ते चार जणांना होतो म्हणतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं, म्हणजे त्या हिशोबाने शहरात वर्षाला पाच ते दहा जण. कधी कधी सीताबर्डीच्या गर्दीत किंवा मेट्रोत उभी असताना मला वाटतं की यांच्यातला एखादा माझ्यासारखाच पोटावर नाहीतर खांद्यावर कैरी घेऊन फिरत असेल अन् आम्ही एकमेकांना ओळखत नाही. असो.

मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरवर औषधं देणाऱ्या डॉक्टर) मॅडमनी पहिल्या भेटीत काहीच दिलं नाही. तीन महिने थांबू, परत एमआरआय करू. मला रागच आला होता, एवढे रिपोर्ट, मुंबई वारी, अन् हातात काय तर तारीख! पण आता जगभर पद्धत हीच आहे, आधी नुसतं लक्ष ठेवायचं, कारण यातल्या बऱ्याच गाठी आपोआप थांबतात, काही तर आपोआप लहान होतात, अन् कापलं तर त्याच जागी परत येण्याची खोड आहे. जखम झाली, टाका बसला की हा आजार उलट तिथेच डोकं वर काढू शकतो, माझा नाही का सिझेरियनच्या टाक्याजवळ आला. त्या मंगळवारी जाळी बसवली असती तर कदाचित जाळीच्या कडेला दुसरी कैरी लागली असती.

माझी थांबली नाही पण. तीन महिन्यांत ४.८ ची ६.९ झाली अन् रात्री कूस बदलताना ओढ बसायला लागली. मग होळी झाल्यावर गोळी सुरू.

आता गोळीच्या किमतीबद्दल, कारण पहिला झटका तोच असेल असं आम्ही धरून चाललो होतो अन् तो बसलाच नाही. ही गोळी बायर कंपनीची, आधी किडनीच्या अन् मग लिव्हरच्या कॅन्सरसाठी आलेली. भारतात तिचा एका महिन्याचा खर्च होता २ लाख ८० हजार रुपये. मग ९ मार्च २०१२ ला पेटंट कंट्रोलरने हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्याची परवानगी नसतानाही गोळी बनवायची मुभा, दिलं, देशातलं असं पहिलंच, अन् महिन्याच्या १२० गोळ्या ८८८० रुपयांत द्यायला सांगितलं, बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी. बायर कोर्टात गेली, मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये लायसन्स कायम ठेवलं. आज बऱ्याच कंपन्या बनवतात. माझा डोस लिव्हरवाल्यांच्या निम्मा, महिन्याला ६० गोळ्या, सगळं मिळून चार आकड्यांत बसतं. हे मी वर्गात आठवीच्या पोरांना शेकडेवारीचं गणित म्हणून घातलं, कंपनीचं नाव न घेता: २,८०,००० वरून ८,८८० म्हणजे किती टक्के घट? उत्तर जवळपास ९७ टक्के. एक पोट्टा म्हणाला, मॅडम गणित चुकलं तुमचं, एवढा सेल कुठे असतो का. खरंच आहे त्याचं.

पण खरेदीचा अनुभव वेगळा, अन् तिथे मी स्टार कापणार आहे. डब्यावर छापलेली किंमत एक असते अन् दुकानदार घेतो ती भलतीच कमी. म्हणजे जो विचारेल त्याला सूट, जो नाही विचारणार तो गेला. हॉस्पिटलच्या आतल्या दुकानात पहिल्यांदा पूर्ण छापील किंमत मोजली, नंतर गांजीपेठेत दवा बाजारात चौकशी केली तर तीच गोळी, तोच बॅच, निम्म्याहून कमी. एकदा एका दुकानदाराने न विचारता दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप बांधून दिली, "तेच आहे ताई, सेम टू सेम." असेलही सेम, पण विचारायचं तर! मॅडमना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्या म्हणाल्या चालेल पण मध्येच कंपनी बदलत बसू नका अन् पक्कं बिल घेतल्याशिवाय ही गोळी कोणाकडूनही घेऊ नका. त्यानंतर बिलावर बॅच नंबर अन् एक्सपायरी स्वतः टिक केल्याशिवाय मी काउंटर सोडत नाही, मागची लाइन बोंबलली तरी.

ऑनलाइन मागवून पण पाहिलं. मे महिना, ४५ डिग्री, कुरिअरवाल्याने पाकीट वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दिवसभर ठेवलं. डब्यावर लिहिलंय ३० डिग्रीच्या खाली ठेवा. नागपुरात मे महिन्यात ३० डिग्रीच्या खाली कोण असतं, कलेक्टर? ते पाकीट परत केलं, पैसे यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून स्वतः जाते, थर्मासच्या पिशवीत आणते, घरी बेडरूमच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात. गाडीच्या डिकीत तर पाच मिनिटंही नाही.

गोळी खायची रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी नाहीतर दोन तास नंतर. तुपातेलाचं जड जेवण झाल्यावर घेतली तर अंगी कमी लागते. आमच्याकडे आठला जेवणं होतात, मी दहाला घेते, अलार्मचं नाव ठेवलंय "राणीसाहेब". लग्नकार्यात पंचाईत होते, नागपूरची लग्नं अन् रात्री अकराची पंगत. संत्र्याचं विचारलं होतं, कारण ग्रेपफ्रूट (संत्र्याच्याच जातीचं फळ) काही औषधांसोबत चालत नाही असं ऐकलं होतं, मॅडम हसल्या, म्हणाल्या संत्रं खा हो, नागपूरच्या बाईला संत्रं बंद केलं तर मला शहर सोडावं लागेल. सासूबाईंचा काढा मात्र बंद केला. लिव्हरवर आधीच गोळीचा भार, त्यात काढ्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत.

साइड इफेक्ट. इथे जरा बसून वाचा.

दुसऱ्या आठवड्यात छातीवर अन् पाठीवर पुरळ, घामोळ्यांसारखं. एप्रिलचं ऊन, मला वाटलं घामोळंच आहे, पावडर मारत बसले. ते घामोळं नव्हतं. मग बीपी. माझं आयुष्यभर ११०/७० असायचं, ते तिसऱ्या आठवड्यात १४८/९४. पहिले दीडदोन महिने दर आठवड्याला बीपी बघायचं असं सांगितलं होतं म्हणून सापडलं, नाहीतर उन्हाने डोकं दुखतंय म्हणून कांदा लावून बसले असते. एक बीपीची गोळी वाढली. जुलाब अधूनमधून, केस पातळ झाले, पूर्ण गेले नाहीत. थकवा असा की पाचव्या तासाला खुर्चीवर बसून फळ्यावर पोरांकडून सोडवून घ्यायची.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे हात-पाय. हँड-फूट रिॲक्शन म्हणतात. तळपाय अन् तळहात लाल होतात, मग जिथे दाब पडतो, घासलं जातं, तिथेच जाड पिवळट कातडी, खाली फोड, अन् चालताना खिळ्यावर पाय ठेवल्यासारखं. टाच, अंगठ्याचा खालचा भाग, अन् हातावर नेमकं तिथे जिथे लाटणं धरतो. म्हणजे बायकांसाठी ही गोळी पोळपाटाची दुश्मन आहे. खडू धरला तरी बोट चरचरायचं. एका सकाळी पाय जमिनीवर टेकवला अन् रडूच आलं, सातवा आठवडा होता, बाहेर ४४ डिग्री, आमच्या गच्चीची पायरी तापलेली, मी पलंगावर बसून दोन्ही पाय कूलरसमोर धरून. पोळ्या त्या दिवसापासून नवऱ्याने करायला घेतल्या, पहिले पंधरा दिवस आम्ही महाराष्ट्राचा, गुजरातचा, कधी श्रीलंकेचा नकाशा खाल्ला.

मला कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं ते आता मी सांगते. युरियावालं क्रीम गोळीच्या पहिल्या दिवसापासून लावायचं, पाय फुटल्यावर नाही. जुन्या भेगा, जाड टाचा आधीच साफ करून घ्यायच्या. गरम पाणी, गरम फरशी, घट्ट चप्पल, लांब चालणं पहिले दोन महिने टाळायचं. सुती मोजे घरातसुद्धा. तरी झालंच तर सहन करत बसू नका, फोन करा. मी दहा दिवस दात खाऊन काढले कारण वाटलं गोळी कमी केली तर गाठ वाढेल. मॅडम रागावल्या. एक आठवडा गोळी बंद, मग रोज दोनाच्या ऐवजी एक, मग पाय सुधारल्यावर एक दिवस एक अन् एक दिवस दोन असं करत परत वर. डोस कमी करणं म्हणजे हार नाही, या गोळीच्या ट्रायलमध्ये (पेशंटवरच्या चाचणीत) पण डोस खाली आणायची सोय होती, ही गोष्ट मला पाय सोलून निघाल्यावर कळली.

तिखटाचं: पहिले तीन महिने तोंड आलेलं असायचं, तर्री पोहे पाहून तोंडाला पाणी सुटायचं अन् जिभेला आग. नुसते पोहे अन् वरून दही. ठेलेवाल्याने विचारलंच, ताई मुंबईच्या का?

आता काम करते का गोळी? इथे गणिताची बाई जागी होते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ट्रायल छापून आली, ८७ पेशंट, काहींना सोराफेनिब दिवसाला ४०० मिलिग्रॅम, काहींना नुसती दिसायला तशीच खोटी गोळी. गाठ ठरलेल्या मापाने लहान झाली अशी माणसं सोराफेनिबवर ३३ टक्के, खोट्या गोळीवर २० टक्के. बघा म्हणजे, काहीही औषध न घेता शंभरात वीस! हा आकडा पाहिला की तो आधी तीन महिने थांबायचा सल्ला लगेच पटतो, अन् कोणाचा काढा, कोणाचा अंगारा, कोणाचं पाणी का "लागू पडतं" तेही कळतं. पण नुसता तो ३३ पाहून नाराज होऊ नका, दुसरा आकडा बघा. दोन वर्षांनंतर आजार पुढे न सरकलेले लोक सोराफेनिबवर ८१ टक्के, खोट्या गोळीवर ३६. म्हणजे ही गोळी गाठ पळवून लावणारी नाही, गाठीला दाराशी बसवून ठेवणारी आहे. मी पहिल्या तीन महिन्यांच्या एमआरआयला ६.९ ची ६.८ पाहून हिरमुसले होते. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, ताई फूटपट्टी सोडा, चमक बघा. गाठ जिवंत, पेशींनी भरलेली असते तेव्हा एमआरआयच्या एका प्रकारच्या फोटोत पांढरी चमकते, औषध लागू पडलं की आधी ती काळी पडत जाते, आकार नंतर कमी होतो. माझी तीन महिन्यांत निम्मी काळी होती. नवव्या महिन्यात ५.७. तेराव्यात ४.९. म्हणजे चौदा महिने गोळ्या खाऊन मी जवळपास तिथेच आले जिथे पहिल्या एमआरआयला होते, फक्त आता ती झोपलेली आहे, कूस बदलता येते, अन् धाकट्याला कडेवर घेता येतं.

नवीन औषध आलंय तेही सांगते कारण व्हॉट्सॲपवर आत्याबाईंनी पाठवलंय म्हणजे तुम्हालाही कोणीतरी पाठवेलच. निरोगासेस्टॅट. २७ नोव्हेंबर २०२३ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) मंजूर केलं, डेस्मॉइडसाठी म्हणून मंजूर झालेलं पहिलंच औषध. हो, सोराफेनिब या आजारावर छापील मंजुरीशिवाय, ट्रायलच्या भरवशावर देतात, म्हणून डब्यातल्या कागदावर आपला आजारच सापडत नाही, घाबरू नका. नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये १४२ लोक होते, गाठ लहान झाली ४१ टक्के लोकांची, खोट्या गोळीवर ८. आकडा भारी आहे. पण मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये ७५ टक्क्यांना अंडाशयाच्या कामात गडबड झाली, बऱ्याच जणींची नंतर सावरली. हा आजार नेमका आमच्याच वयाच्या बायकांना जास्त, त्यामुळे ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी हा आकडा डॉक्टरांसमोर बसून नीट समजून घ्या. सोराफेनिबमध्येही गोळी चालू असताना अन् बंद झाल्यावर सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, हे मला नर्सने हळूच कानात सांगितलं, जसं काही गुपित आहे. अहो मोठ्याने सांगा, नवऱ्यालाही ऐकू द्या.

स्टार द्यायचे तर: गाठीवरच्या कामाला साडेचार. किमतीला पाच, त्यातलं श्रेय नॅटकोचं अन् त्या २०१२ च्या ऑर्डरचं. विक्रीच्या पद्धतीला दीड. डब्यातल्या कागदाला अर्धा, एवढ्या बारीक अक्षरात लिहितात की मी वर्गातलं भिंग आणून वाचलं. हातापायांना उणे दोन, असं रेटिंग नसतं माहीत आहे, तरी.

आता दिवसाला एकच गोळी चालू आहे, पुढचा एमआरआय पोळ्यानंतर, तो बरा आला तर सुट्टी देऊन बघू म्हणाल्या मॅडम. अन् गोळी सुरू करणार असाल तर चप्पल आधीच घेऊन ठेवा, आपल्या मापापेक्षा एक नंबर मोठी, मऊ तळव्याची, अंगठ्यात पट्टा नसलेली. मी सीताबर्डीवर घेतली, संध्याकाळी पाय सुजलेले असताना घालून बघितली, भाव करत नाही म्हणत होता, करतो.